टाकीचे आठ बोल्ट

चौकशीच्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला गेला आणि मी तीन शब्दांत उत्तर दिलं. "मला आठवत नाही." ते खोटं होतं. मला सगळं आठवत होतं, आजही आठवतं. त्या तीन शब्दांनी एका चांगल्या फिटरचं नाव गेलं आणि त्याच्या घरातलं माणूस त्याच्यापासून तुटलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. स्वभावच असा आहे म्हणून सगळे सोडून देतात. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक शहाणा समजतात. माझ्या बाबतीत ते शहाणपण नव्हतं, भीती होती.

कारखाना खालापूर तालुक्यातला, कापड रंगवण्याचा. तो आता बंद आहे, त्याचं नाव सांगून काही साधणार नाही. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, डिप्लोमा केलेला, कर्जतच्या बाजूच्या शेतकरी घरातला. आमच्या घरात पॅन्ट घालून कामाला जाणारा मी पहिला, त्यामुळे ती पॅन्ट जरा जास्तच कडक इस्त्रीची असायची. हाताखाली आठ-दहा माणसं. त्यांतला फिटर कर्जतजवळच्या पोशीरचा, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला साहेब म्हणायचा. पंपाला कान लावून तो त्याचं दुखणं सांगायचा. "ह्याचं बेअरिंग कण्हतंय," म्हणायचा, आणि उघडून बघितलं की बेअरिंगच गेलेलं असायचं. त्याच्या घरच्यांनी छप्पनच्या सुमारास बौद्ध धम्म घेतला होता. देव्हाऱ्यातले देव काढले त्यानंतर आईला आठवडाभर जेवण गेलं नव्हतं, असं तो मला एकदा सहज सांगून गेला होता. त्याचा चुलतभाऊही आमच्याकडेच होता, खाली रंगाच्या हौदांवर. त्याला कामाला ह्यानंच लावलं होतं.

त्या वर्षी हौदांना गरम पाणी पुरवायला वरच्या मजल्यावर मोठी लोखंडी टाकी बसवायची होती. चार पायांची टाकी, गर्डरवर उभी. मुंबईहून नकाशा आला, त्यात प्रत्येक पायाला दोन बोल्ट, म्हणजे आठ. मला त्या नकाशाचं हसू आलं होतं. बोल्ट लागतात ते वाऱ्यासाठी, असं मी धरून चाललेलो. ही टाकी तर छपराखाली, चार भिंतींच्या आत. तिला वारा कुठून लागणार?

अष्टमीच्या संध्याकाळी चेनकप्पीने टाकी वर चढवली. पाय गर्डरवर टेकले तसा सगळ्यांनी श्वास सोडला. गँगमधला एकजण म्हणाला, "पाण्यानं भरली का हत्ती बसल्यागत बसंल. बोल्ट कशापायी? पळून जाती का काय?"

"तुजी बायको नाय का गेली भरल्या घरातनं म्हायेराला?" फिटर म्हणाला. "बोल्ट घाल गप."

हसण्याखिदळण्यात बोल्ट खालून वर घातले गेले, वरून नट बोटांनी दोन-दोन आटे फिरवून धरवले. तेवढ्यात पाळी सुटली. उद्या आवळू, असं ठरलं.

उद्या खंडेनवमी होती. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण सण घरी असतो आणि काम कारखान्यात. पण सकाळी वर्कशॉपमध्ये गेलो तर फळ्या मांडलेल्या, त्यांवर सगळे पाने, हातोडे, छिन्न्या रॉकेलने धुऊन ओळीने ठेवलेले. मीच त्यांना कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ वाढवला. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. कुणी हात लावत नाही, लावू देत नाही. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, मॅनेजरसाहेब टाकीचा व्हॉल्व्ह उघडणार होते.

दुपारी फिटर माझ्याकडे आला.

"साहेब, ते नट र्‍हायलेत. माजा पाना माज्या पिशवीत हाय. अर्ध्या घंट्याचं काम, आवळून टाकतो."

"आज?"

"आजच. उद्या मी नाय येणार. उद्या आमचा दिवस हाय, कर्जतला जायचंय समद्यांना."

"अरे, आज हत्याराला हात लावतात का?"

"तुमच्या हत्याराला नाय लावत मी. माज्या लावतो. माजा पाना पूजेला नाय बसला." तो हसत म्हणाला. चिडवायला नव्हे, सरळच.

मी त्याला नको म्हणालो. का म्हणालो, ते इतकी वर्षं मी वेगवेगळ्या रीतीने स्वतःला सांगत आलो. लोक बिथरतील, भांडण होईल, सणाच्या दिवशी कशाला. त्यात थोडं खरं होतं. पण खरं कारण वेगळं होतं. सकाळी ज्या कारखान्यात मी हत्यारांना कुंकू लावलं, त्याच कारखान्यात एक पाना पूजेबाहेर राहिला होता आणि त्याच्या मालकाला त्याचं काही वाटत नव्हतं, हे मला टोचलं. बस. एवढं लहान कारण होतं.

"परवा आवळ," मी म्हणालो.

"टाकी उद्या भरणार ना पण?"

"भरली म्हणून जाते कुठं? मी सांगतोय ना."

त्याने पाना परत पिशवीत टाकला. "बरं. तुमी सांगता तर."

संध्याकाळी कामाचं रजिस्टर मॅनेजरकडे जायचं होतं. त्याशिवाय टाकी सुरू झाली नसती. आमच्याकडची रीत अशी की फिटरने सांगायचं आणि सुपरवायझरने लिहायचं. फिटरची सही नसायची, फक्त नाव. मी नवमीची तारीख टाकली, 'आठही बोल्ट आवळले' असं लिहिलं आणि पुढे त्याचं नाव घातलं. मला वाटलं, दोन दिवसांत नट आवळले जातील आणि लिहिलेलं खरं होईल. तारखेकडे कोण बघतं?

दसरा झाला आणि कामाची घाई सुरू झाली. तीन पाळ्या लागल्या. टाकी गरम, चालू असताना तिच्या पायाशी शिरायचं नाही असा नियम. फिटरने एकदा आठवण केली, "साहेब, ते नट?" मी म्हणालो, रविवारी टाकी बंद करू तेव्हा. रविवारी टाकी बंद झाली नाही. मग त्याला दुसऱ्या शेडमध्ये पाठवलं. टाकीशेजारी पंप बसवलेला होता, तो दिवसरात्र थरथरायचा, आणि दोन आट्यांवर धरलेले नट त्या थरथरीने एक-एक करून सुटत गेले असणार. खालून घातलेला बोल्ट नट गेला की गळून पडतो. ते कुणी बघितलं नाही.

डिसेंबरात एका पहाटे खाट हलली म्हणून मी जागा झालो. आधी वाटलं कुत्रं खाली शिरलंय. मग फळीवरचे डबे वाजायला लागले, बाहेर लोक ओरडायला लागले, आणि मी अंगणात पोहोचेपर्यंत सगळं थांबलंही होतं. कोयनेचा भूकंप, हे नंतर कळलं. तोवर आम्ही असं मानत होतो की आपल्याकडचा काळा दगड हलत नाही.

कारखान्यात पोहोचलो तेव्हा उजाडत होतं. इमारतीला तडा नव्हता. ऑफिसातल्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास तसाच भरलेला होता. मी सुटकेने हसलोसुद्धा, हे मला पक्कं आठवतं. मग आतून ओरडा ऐकू आला. वरच्या मजल्यावर टाकी गर्डरवरून हातभर सरकली होती. पाइप तिला नीट ताठ जोडलेला, भिंतीत घट्ट धरलेला. टाकी सरकली, भिंत नाही सरकली, आणि पाइप जोडाशी तुटला. उकळतं पाणी खाली हौदांवर आलं. खाली तिसऱ्या पाळीला फिटरचा चुलतभाऊ उभा होता. मांडीपासून खालचा डावा पाय भाजला. जीव वाचला. पण पाय वाळलेल्या काठीसारखा झाला.

चौकशीला मॅनेजर, मी, फिटर आणि मुंबईहून आलेले एक वयस्कर इंजिनिअर. जमिनीवर सापडलेले बोल्ट टेबलावर मांडले होते. शेजारी रजिस्टर, माझ्या अक्षरातलं.

फिटर म्हणाला, "मी आवळले नाय. मी आवळतो म्हणलो, साहेब नको म्हणले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मॅनेजरने विचारलं, "असं काही बोलणं झालं होतं?"

"मला आठवत नाही."

फिटरने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कान लावून पंप ऐकताना तो जसा बघायचा, तसा.

ऑफिसने निकाल दिला की त्याने काम न करताच केलं म्हणून सांगितलं. कामगारांनी त्यांचा निकाल वेगळा दिला. रजिस्टरात नवमीची तारीख आहे हे फुटलं, आणि बातमी पसरली की ह्यानं खंडेनवमीला पाना लावला, म्हणून देवी कोपली, म्हणून जमीन हलली. ऑफिसच्या मते त्याने पान्याला हात लावला नव्हता, कामगारांच्या मते लावला होता, आणि दोन्ही दोष एकाच माणसावर. दोन्ही माझ्या एका ओळीतून निघालेले. महिन्याभरात तो स्वतःच काम सोडून गेला.

मुंबईच्या इंजिनिअरांनी जाण्याआधी मला खिडकीशी बोलावलं. समोरच्या टेकाडावर आमच्या वस्तीतल्या बायका पाणी घेऊन चढत होत्या. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी.

"ती बाई हात कुठं लावतेय बघा," ते म्हणाले.

मी बघितलं. "कळशीला."

"हंड्याला का नाही?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"पाऊल हललं की हंडा हलतो, आणि हंड्यापेक्षा कळशी जास्त हलते. तळमजल्यावर तुम्ही सांगितलेल्या त्या ग्लासातलं पाणी सांडलं नाही म्हणून वरच्या मजल्यावरची टाकी सुरक्षित, असं नसतं. जमीन हलवते इमारतीला, इमारत हलवते टाकीला, आणि टाकीपर्यंत जाईस्तोवर धक्का वाढत जातो. ते बोल्ट वाऱ्यासाठी नव्हते."

"भरलेली टाकी होती, साहेब. एवढं वजन," मी पुटपुटलो.

"वजनाने ती बसून राहील असं वाटलं ना? धक्का वजनाच्या हिशेबानेच लागतो. जितकी जड, तितकी जोरात ढकलली जाते. आणि हादऱ्यात खालचा गर्डर वरखाली होतो तेव्हा ते वजनही क्षणभर तिथं नसतं." ते थांबले. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. बॅग उचलून गेले. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी कित्येक वर्षं म्हणत आलो. खरं तर तेव्हाही नसतं सांगितलं.

पुढे मी त्याच विषयाचा माणूस झालो. दुसऱ्या नोकऱ्या केल्या, वर चढलो. कुठल्याही इमारतीत गेलो की आधी वर बघायचो: टाकी, बॅटऱ्यांची मांडणी, विजेचे पॅनल, उंच कपाटं. कशाने धरलंय, पाइपाला थोडी लवायची जागा ठेवलीय का. पोरांना सांगायचो, इमारत उभी राहील असा हिशेब सगळेच करतात, इमारतीच्या अंगाखांद्यावर काय बसलंय त्याचाही करा. माझ्या पाठीमागे ते मला बोल्टमास्तर म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे, ते मला जास्त लागायचं.

मागच्या वर्षी, भूकंपाला चोवीस-पंचवीस वर्षं झाल्यावर, एका दवाखान्याच्या गच्चीवर टाकी बसवायची म्हणून कर्जतला गेलो होतो. लागणारे बोल्ट बाजारात मिळतात का बघायला एका हार्डवेअरच्या दुकानात शिरलो. तिथं एक शेतकरी पंप घेऊन आलेला. दुकानदार त्याला म्हणाला, "पोशीरच्या ढिल्या फिटरकडं टाक. तोच करील."

"ढिला फिटर म्हणजे?" मी विचारलं.

"जुनं नाव हाय, साहेब. कुठंतरी कारखान्यात नट ढिले ठेवले त्यानं, चुलतभावाचा पाय गेला. तवापासून ढिला." दुकानदार हसला. "हात सोन्याचा हाय बरं का. पण नाव पडलं ते पडलं. पंप दिला का लोक म्हणणारच, आवळलास ना रं?"

शेतकरीही हसला. मी बोल्ट न घेताच बाहेर आलो आणि पोशीरला गेलो.

घर सापडायला वेळ लागला नाही; नाव विचारायची सोय होतीच, पण 'ढिला फिटर' माझ्या तोंडून निघेना, पंप दुरुस्त करणारा म्हणून विचारलं. ओट्यावर तो पंपाचे भाग मांडून बसला होता. केस पांढरे, हात तेच. मला त्याने लगेच ओळखलं.

"साहेब? तुमी?"

आतून त्याच्या बायकोने विचारलं, "कुठलं साहेब?"

"खोपोलीकडचं. कारखान्यातलं."

मग ती म्हणाली, "मंग पानी तुमीच द्या."

त्याने पाणी दिलं. मी ते हातात धरूनच हळू आवाजात बोललो. सगळं, वर लिहिलंय तसंच. नवमी, पाना, रजिस्टर, तीन शब्द. का नको म्हणालो तेही. तो फडक्याने एक-एक भाग पुसत राहिला. माझं संपलं तेव्हा म्हणाला,

"मला ठावं हाय की, साहेब. मी तिथंच व्हतो."

मी माफी मागायला लागलो, तर त्याने फडकं हलवून थांबवलं.

"मला सांगून काय? ज्याला ठावं नाय त्याला सांगा." त्याने मानेने शेजारच्या ओट्याकडे दाखवलं. दोन घरांत एकच भिंत, ओट्यांच्या मधे कमरेएवढा आडोसा. आडोशापलीकडे कुणीतरी बसलेलं होतं. एका बाजूला टेकवलेली काठी तेवढी दिसत होती. "माजी आई गेली तवा खांदा द्यायला आला. लंगडत आला. बोलला नाय. माज्या तोंडचं तो ऐकत नाय. त्यानं रजिस्टर सोताच्या डोळ्यानं बघितलंय, तुमचं अक्षर बघितलंय. तुमी म्हणलात तर खरं, लिवलंत तर लय खरं."

"मी सांगतो त्यांना. आत्ताच सांगतो."

"नुसतं सांगू नका. लिवून द्या आधी. मंग वाचा."

त्याने आत हाक मारली, "गं, पोरीची वही आण." बायकोने वहीचं पान फाडून आणून दिलं. माझ्याकडे न बघता दिलं, पण पेनाचं टोपण काढून दिलं.

मी लिहिलं. सरकारी पत्रं लिहून सवय झालेल्या हाताने लिहिलं. खंडेनवमीच्या दिवशी टाकीचे नट आवळले गेले नाहीत, यात फिटरचा कोणताही दोष नव्हता, रजिस्टरातील नोंद चुकीची होती. खाली सही केली आणि त्याला दिलं. त्याने चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून वाचलं. एका जागी बोट थांबलं.

"हे 'आवळले गेले नाहीत' म्हंजे? ते काय चालत गेले असते, साहेब?"

आतून त्याची बायको हसली. पहिल्यांदाच.

"आन हे 'नोंद चुकीची व्हती'. चुकीची का खोटी? कुनी केली? कुनी नाय आवळू दिलं? त्येचं नाव लिवा. माजं नाव लिवताना तुमाला आडलं नव्हतं."

मी पान परत घेतलं. आधीच्या ओळी खोडल्या आणि खाली पुन्हा लिहिलं: यांनी खंडेनवमीला टाकीचे नट आवळतो असं सांगितलं. मी आवळू दिले नाहीत. रजिस्टरात आवळले असं मी खोटं लिहिलं. चौकशीत आठवत नाही असं मी खोटं सांगितलं. मग माझं पूर्ण नाव.

त्याने पुन्हा बोट धरून वाचलं. मान हलवली. "आता वाचा. मोठ्यानं."

मी उभा राहिलो. इंजिनिअर म्हणून मी सभांमध्ये बोललो आहे; इथं पान दोन्ही हातांनी धरून वाचलं. चार वाक्यं होती. ती वाचून संपवली. फिटरने पंपाचा भाग हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

मग तिकडून आवाज आला. म्हातारा नव्हता, पण कोरडा, पुष्कळ दिवस न वापरलेला वाटावा असा.

"पुन्यांदा वाचा."

मी वाचायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "तुमी नगा. त्यालाच वाचू द्या."

फिटरने माझ्या हातातून पान घेतलं.